नौकांचे गंजरक्षण व त्यागी धनाग्र

नौकेच्या पाण्यात बुडालेल्या धातूच्या भागांना गंजण्यापासून वाचविण्यासाठी त्यांना अधिक क्रियाशील अशा दुसऱ्या धातूचा तुकडा जोडतात. हा तुकडा स्वतः झिजतो व नौकेचा धातू राखतो. म्हणून त्यास ‘त्यागी धनाग्र’ म्हणतात. बोलीत त्याला ‘झिंक’ किंवा ‘ॲनोड’ म्हणतात. जस्त, ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम हे तीन धातू व त्यांचे मिश्रधातू या कामी वापरले जातात. यांपैकी कोणता निवडावा, हे केवळ त्याच्या क्रियाशीलतेवरून ठरत नाही. नौका कोणत्या पाण्यात राहते, तिचे कवच कशाचे आहे आणि रंगाचा लेप कितपत शाबूत आहे, यांवर ही निवड अवलंबून असते. सर्वांत क्रियाशील धातू सर्वांत चांगले संरक्षण देईल, ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे नौकेची हानीही होऊ शकते.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळे हे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. ६२५ मी. उंचीवर आहे. तरीही दोन कारणांनी या प्रदेशाचा प्रस्तुत विषयाशी संबंध येतो. भारतीय नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेची ‘भा. नौ. पो. शिवाजी’ ही प्रशिक्षणसंस्था लोणावळ्याजवळ आहे. तसेच घाटमाथ्यावरील पावसाचे गोडे पाणी आणि घाटाखालच्या कोकणातील खारे पाणी यांतील फरक हाच धनाग्राच्या निवडीतील मुख्य प्रश्न असून, तो येथे अगदी थोड्या अंतरात पाहावयास मिळतो.

तत्त्व : दोन भिन्न धातू पाण्यात बुडवून एकमेकांस जोडले म्हणजे त्यांचा विद्युत् घट तयार होतो. अधिक क्रियाशील धातूचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने पाण्यात उतरतात. हा धातू म्हणजे धनाग्र होय. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन जोडणीतून दुसऱ्या धातूकडे, म्हणजे ऋणाग्राकडे जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाबरोबर होणाऱ्या विक्रियेत खर्च होतात. इलेक्ट्रॉनांचा हा पुरवठा पुरेसा असेपर्यंत ऋणाग्राचा धातू सहसा विरघळत नाही.

हाच घट नौकेत नकळतही तयार होतो. पोलादी कवचाजवळ काशाचा पंखा असल्यास पोलाद धनाग्र बनते व पंख्याभोवतालचा भाग प्रथम गंजू लागतो. लाकडी नौकेतही लोखंडी खिळे, पोलादी दांडा आणि काशाचा पंखा एकाच पाण्यात असतात. तेथे दोन धातूंचा जेथे संबंध येतो, तेथे लोखंड झिजते. बाहेरून फळ्या चांगल्या दिसत असता आतील खिळे बारीक होत जातात आणि भर समुद्रात फळी सुटण्याचा धोका निर्माण होतो. अशा नौकेस जस्ताचा तुकडा धातूच्या जोडणीने बसविला, तर पोलाद व कासे हे दोन्ही ऋणाग्र बनतात आणि झीज एकट्या जस्ताच्या वाट्यास येते.

धातूंची क्रियाशीलता त्यांच्या विद्युत् वर्चसावरून (विद्युत् पातळीवरून) मोजतात. समुद्रजलात रजत–रजत क्लोराइड या संदर्भ अग्राच्या तुलनेने असंरक्षित पोलादाचे वर्चस् सु. –०·६० ते –०·६५ व्होल्ट असते. ते –०·८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण केल्यास पोलाद संरक्षित समजतात. जस्ताच्या धनाग्राचे वर्चस् सु. –१·०३ ते –१·०५, ॲल्युमिनियम–जस्त–इंडियम मिश्रधातूचे –१·०५ ते –१·१० आणि मॅग्नेशियमाचे सु. –१·५ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक ऋण असते.

इतिहास : जहाजाच्या लाकडी तळास पोखरणाऱ्या शिंपवर्गीय प्राण्यांपासून व शेवाळापासून वाचविण्यासाठी ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये तपासणी केली असता पत्रे चांगले राहिले होते. पण लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणी खाल्ले गेले होते. जेथे पत्रा व खिळा यांच्यामध्ये पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. तांबे व लोखंड यांचा प्रत्यक्ष स्पर्श हेच झिजेचे कारण असल्याचे यावरून लक्षात आले. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मात्र व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युत् घटमाला तयार केल्यानंतरच शक्य झाले.

पुढे तांब्याचे पत्रेही समुद्रजलात झिजतात, ही तक्रार आली. तिच्या निवारणाचे काम सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे सोपविण्यात आले. १८२४ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले निष्कर्ष मांडले. या प्रयोगांत त्यांना मायकेल फॅराडे यांचे साहाय्य झाले होते. तांब्याच्या पृष्ठभागाच्या १/४० ते १/१५० इतक्या क्षेत्रफळाचे जस्त किंवा लोखंड त्यास जोडले, तर तांबे झिजत नाही, असे त्यांना आढळले. संरक्षक धातू किती बसवावा याचा मोजून काढलेला हा आरंभीचा महत्त्वाचा निर्णय होय.

या पद्धतीची मोठ्या जहाजावरील चाचणी ‘समरांग’ या २८ तोफांच्या जहाजावर झाली. हे जहाज सागवानी लाकडाचे असून कोचीन येथे बांधले गेले होते (१८२२). तांब्याच्या सु. १/८० क्षेत्रफळाचे ओतीव लोखंडाचे तुकडे बसवून ते १८२४ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या सफरीवर पाठविण्यात आले. परत आल्यावर तांबे बहुतांशी झिजलेले नव्हते. परंतु संरक्षित तांब्याच्या जहाजांच्या तळावर शेवाळ व कवचधारी प्राणी मोठ्या प्रमाणावर चिकटू लागले व त्यांचा वेग घटला, असे दिसून आले. तांब्याचा तळ स्वच्छ राहतो तो तांबे किंचित विरघळून पाण्यात उतरते व त्या विषारी आयनांमुळे जीव चिकटत नाहीत म्हणून. झीज थांबताच हा गुणही नाहीसा झाला. डेव्ही यांचे विद्युत् रसायन अचूक होते, पण जहाजास तांबे ज्या कामासाठी हवे होते ते काम त्यामुळेच बिघडले. आरमाराने ही साधने लवकरच काढून टाकली. धातू वाचविणे व नौका वाचविणे या दोन गोष्टी सर्वस्वी एक नाहीत, हा या प्रयोगाचा धडा होता व आजही धनाग्राच्या निवडीत तो लागू पडतो.

लोखंडाच्या बाबतीत ही अडचण नव्हती. डेव्ही यांचे चुलतबंधू एडमंड डेव्ही यांनी १८२९ मध्ये समुद्रातील तरंड्यांच्या लोखंडी भागांना जस्ताचे ठोकळे जोडून त्यांचे रक्षण केले. १८४० मध्ये रॉबर्ट मॅलेट यांनी या कामासाठी जस्ताचा एक मिश्रधातू तयार केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी व पोलादी जहाजे प्रचारात आली, तेव्हा पंख्याजवळ व बाष्पित्रांत जस्ताच्या पट्ट्या बसविण्याचा प्रघात पडला. तथापि त्यांचा अनुभव सारखा नव्हता. काही पट्ट्या झिजत व उपयोगी पडत. काहींवर कठीण थर जमून त्या निष्क्रिय होत. जस्तात अत्यल्प लोखंड अशुद्धीच्या रूपाने असते, ते हे निष्क्रिय करणारे कारण असल्याचे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले. मग जस्तातील लोखंडाचे प्रमाण शेकडा ०·००५ पेक्षा कमी ठेवणे आणि त्यात थोडे ॲल्युमिनियम व कॅडमियम मिसळणे हे मानक ठरले. बाजारातील साध्या जस्ताचा तुकडा धनाग्र म्हणून का चालत नाही, याचे उत्तर यात आहे.

ॲल्युमिनियमावर ऑक्साइडाचा चिवट थर आपोआप तयार होतो, त्यामुळे शुद्ध ॲल्युमिनियम धनाग्र म्हणून निरुपयोगी ठरते. १९६० नंतर हा थर मोडणारी मूलद्रव्ये शोधण्यात आली. प्रथम पाऱ्याचा वापर झाला. परंतु तो समुद्र दूषित करतो म्हणून मागे पडला आणि जस्त व इंडियम मिसळलेले ॲल्युमिनियम प्रचारात आले. भारतात तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्था (१९५३) व मुंबईच्या नौदल गोदीत स्थापन झालेली नौदल रासायनिक व धातुवैज्ञानिक प्रयोगशाळा (१९५३) यांनी नौकांच्या गंजरक्षणावर संशोधन केले. दुसऱ्या संस्थेचे पुढे नाव बदलून नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा असे झाले व ती ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे हलली. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची धनाग्रे हा तिच्या कामाचा एक भाग आहे.

महाराष्ट्र व मावळ : मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी करणाऱ्या पारशी कारागिरांनी १७३६ पासून जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. सागवान शतकानुशतके टिकते. पण त्यास धरून ठेवणारा धातू किती टिकतो, यावर जहाजाचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. कोकणातील गलबते व मचवे यांनाही हे लागू आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मच्छीमारी नौकांना यंत्रे बसविण्यात आली. शिडाच्या नौकेस नसलेला काशाचा पंखा व पोलादी दांडा यंत्राबरोबर आला, आणि त्याबरोबर विद्युत् घटाचा धोकाही वाढला. लाकडी नौकेत धनाग्र ही चैनीची वस्तू न राहता गरजेची बनली.

घाटमाथ्याचा समुद्राशी संबंध जुना आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे व पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यातील १७१४ चा तह लोणावळ्याचा तह म्हणून ओळखला जातो. पुढे १५ फेब्रुवारी १९४५ रोजी तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीची यांत्रिकी प्रशिक्षणसंस्था ‘शिवाजी’ या नावाने लोणावळ्याजवळ सुरू झाली. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर ती भारतीय नौदलाची झाली. ‘कर्मसु कौशलम्’ हे तिचे ब्रीदवाक्य आहे. अभियांत्रिकी शाखेच्या अधिकाऱ्यांना व नौसैनिकांना तेथे प्रशिक्षण देण्यात येते. फेब्रुवारी २०२० मध्ये या संस्थेस राष्ट्रपतींचे निशाण प्रदान करण्यात आले. जहाजाच्या यंत्रांना थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाते. ज्या संघनकांतून व नळ्यांतून ते वाहते, तेथे तांब्याचे मिश्रधातू व लोखंड एकत्र येतात, म्हणून गंजरक्षणाचा प्रश्न केवळ जहाजाच्या तळापुरता नसून यंत्रशाळेतही असतो. अशा ठिकाणी जस्ताच्या किंवा मृदू लोखंडाच्या काढता येण्याजोग्या पट्ट्या वा खुंट्या बसवितात व ठराविक काळाने त्यांची तपासणी करतात. जस्त कोठेही चालेल असेही नाही. सु. ६०° से. वरील पाण्यात, विशेषतः गोड्या पाण्यात, जस्ताचा व लोखंडाचा क्रम उलटून लोखंडच जस्तासाठी झिजू लागण्याची शक्यता असते. घरगुती पाणी तापविण्याच्या टाकीत जस्ताऐवजी मॅग्नेशियमाची कांडी असते, त्याचे हे एक कारण आहे.

मावळातील जलाशयांचे पाणी समुद्राच्या पाण्याहून अगदी भिन्न आहे. लोणावळा परिसरात वर्षाकाठी ४०० सेंमी. हून अधिक पाऊस पडतो. बेसाल्टी खडकावरून वाहत येणाऱ्या या पाण्यात क्षार फार थोडे विरघळलेले असतात. वळवण, लोणावळा व शिरवटा या जलाशयांतील पाणी मोठ्या पोलादी नळांतून घाटाखाली उतरवून खोपोली येथे वीजनिर्मिती १९१५ पासून होत आहे. पवना नदीवरील धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. समुद्रजलाची विद्युत् रोधकता सु. २० ते २५ ओहम–सेंमी. असते, तर अल्प क्षारांच्या गोड्या पाण्याची ती हजारो ओहम–सेंमी. असते. म्हणजे प्रवाहास होणारा अडथळा शेकडो पटींनी वाढतो. अशा पाण्यात जस्त व पोलाद यांच्यातील सु. पाव व्होल्टाचा संरक्षक फरक अपुरा पडतो आणि जस्तावर पांढरा थर जमून ते निष्क्रिय होते. म्हणून गोड्या पाण्यात मॅग्नेशियम निवडतात. त्याचे अधिक ऋण वर्चस् हा अडथळा ओलांडू शकते.

निवडीचे निकष : (१) पाणी : समुद्रजलासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियम, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम व खाडीच्या निमखाऱ्या पाण्यासाठी ॲल्युमिनियम हा सर्वसाधारण नियम आहे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर व उन्हाळ्यात खारे होते, म्हणून तेथील नौकेस वर्षभर एकाच पाण्याचा नियम लावता येत नाही. जलाशयातील नौकेचे बाह्य यंत्र समुद्रकाठाहून आणलेले असेल व त्यावर जस्ताचे धनाग्र तसेच राहिले असेल, तर ते नव्यासारखे दिसते, पण यंत्राचे रक्षण मात्र करीत नाही. याउलट मॅग्नेशियमाचे धनाग्र लावलेली नौका समुद्रात नेल्यास ते फार वेगाने संपते व त्याच्या अतिसंरक्षणामुळे रंग सुटतो.

(२) कवच : पोलादाचे वर्चस् –१·१० व्होल्टपेक्षा अधिक ऋण झाल्यास रंगाखाली हायड्रोजन व अल्कली तयार होऊन लेप उकलतो, उच्च बलाच्या पोलादास ठिसूळपणा येऊ शकतो. ॲल्युमिनियमाचे कवच अल्कधर्मी परिसरात विरघळते, म्हणून समुद्रात त्यास मॅग्नेशियम लावीत नाहीत. लाकडी नौकेत अतिसंरक्षित धातूभोवती जमणारे अल्कली लाकडाचे बंधक द्रव्य नष्ट करते व खिळा मजबूत राहूनही त्याभोवतीचे लाकूड मऊ पडते. लाकडी नौकेस म्हणून थोडेसेच, पण योग्य जागी जस्त पुरते.

(३) वजन : लागणारा विद्युत् प्रवाह व काळ यांवरून धनाग्राचे वजन काढतात. उदा., एखाद्या पोलादी नौकेचा पाण्याखालील भाग १०० चौ. मी. असून रंग चांगला आहे, तर प्रत्येक चौ. मी. ला सु. २० मिलिअँपिअर या हिशेबाने २ अँपिअर प्रवाह लागेल. एका वर्षाचे ८,७६० तास धरल्यास ही गरज १७,५२० अँपिअर-तास होते. जस्त प्रत्येक किग्रॅ. ला सु. ७८० अँपिअर-तास देते. धनाग्राचा शेकडा ८५ भाग उपयोगात येतो असे धरल्यास सु. २६ किग्रॅ. जस्त लागते. ॲल्युमिनियमाचा मिश्रधातू सु. २,५०० अँपिअर-तास देत असल्याने तेच काम सु. ८ किग्रॅ. मध्ये होते. उघड्या पोलादास प्रवाह पाच-सहापट लागतो. रंग झडलेल्या नौकेस जादा धनाग्रे लावण्यापेक्षा ती रंगविणे स्वस्त पडते, हे यावरून दिसते.

बसविणे व तपासणी : धनाग्राचा नौकेच्या धातूशी झळाळत्या धातूचाच संबंध हवा, गंज किंवा रंग मध्ये आल्यास ते कुचकामी ठरते. धनाग्रास रंग कधीही देऊ नये. फिरत्या दांड्याचा संबंध तेलामुळे तुटत असल्याने त्यास स्वतंत्र धनाग्र किंवा घासता पट्टा लागतो. नौका गोदीत किंवा किनाऱ्यावर काढल्यावर धनाग्र जवळजवळ निम्मे संपले असेल, तर ते बदलतात. अजिबात न झिजलेले धनाग्र हे उत्तम स्थितीचे लक्षण नसून जोडणी तुटल्याचे किंवा धातू पाण्याशी जुळत नसल्याचे लक्षण समजतात. अशा वेळी कोठेतरी नौकेचाच धातू झिजत असतो.

मोठ्या जहाजांवर आता बाहेरून विद्युत् प्रवाह पुरविण्याची पद्धती पुष्कळदा वापरली जाते. तीत प्लॅटिनमाचा लेप दिलेल्या टिटॅनियमासारखी न झिजणारी धनाग्रे असतात आणि प्रवाहाचे नियंत्रण यंत्राद्वारे होते. ती बंद पडल्यास संरक्षणही थांबते, म्हणून सुकाणू, पंखा व पाण्याच्या टाक्या यांजवळ त्यागी धनाग्रे ठेवतात. ज्या लहान नौकांवर वीज किंवा निगराणी करणारा तंत्रज्ञ नसतो, त्यांना मात्र धातूचा योग्य तुकडा व वेळेवर केलेली तपासणी यांवरच अवलंबून राहावे लागते.